पीठ न झालेले तीन तुकडे

१

विटा वाईट बांधल्या म्हणून लॅडल फुटली आणि माणूस गेला, असं कागदावर लिहून झालं होतं. सही तेवढी राहिली होती. ती शुक्रवारी सकाळी अकरा वाजता व्हायची होती, आणि आज बुधवार होता.

आता गंमत बघा. गंमत म्हणायचं ते तोंडाला सवय आहे म्हणून. गेलेला माणूस ताईचा नवरा, आणि विटा बांधणारा ताईचा सख्खा थोरला भाऊ. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथे घोडंही घरचंच होतं.

ताई म्हणजे पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेतली मुख्य तपासनीस. तिचा भाऊ तिथलाच गवंडी. लॅडल म्हणजे वितळलेलं पोलाद वाहून नेणारी, माणसाच्या दीडपट उंचीची बादली. तिला आतून विटांचं अस्तर असतं, आणि ते अस्तर दादा बांधायचा. नवऱ्याला सगळा कारखाना ‘दाजी’ म्हणायचा, कारण दादा आधी नोकरीला होता आणि तो तसं म्हणायचा. पुढे साहेबलोकही म्हणायला लागले. कोणी हाक मारली की दाजी आधी हसायचा आणि मग ओ द्यायचा.

बारा दिवसांपूर्वी, शुक्रवारी दुपारी चार वाजता, तीन नंबरची लॅडल बाजूने फुटली. दाजी जवळच्या फलाटावर उभा होता. ताई त्या वेळी प्रयोगशाळेत होती. तिने भोंगा ऐकला, हातातली परीक्षानळी जागेवर ठेवली, आणि मग गेली.

तेव्हापासून ती रडली नव्हती. शेजारणी म्हणत होत्या, रडू दे गं तिला, मोकळी होईल. रडायला काही आत हलावं लागतं, आणि आत काही हलतच नव्हतं. ती कपडे वाळत घालायची, वाळलेले काढायची, घडी करायची. दाजीचा एक सदरा वाळत होता, त्याचीही तिने घडी केली.

शेवटचं काय बोलला तो, असं कोणीतरी विचारलं. त्या आठवड्यात तो दुपारपाळीला आणि ही दिवसाला. ती निघायची तेव्हा तो झोपलेला असायचा, आणि तो परतायचा तेव्हा ती. धड बोलणं झालं ते त्याआधीच्या रविवारी संध्याकाळी. तो बुटाला पॉलिश करत काहीतरी कारखान्यातलंच विचारत होता. ही सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत होती. मोजणी चुकू नये म्हणून तिने मान वर केली नव्हती. काय विचारलं होतं ते तिला आठवेना.

सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता. “तुझ्या भावाने माझा मुलगा खाल्ला. त्याचा पाय या घराला लागला, तर मी त्याच पावली बाहेर पडेन.”

आणि दादा? दादाला विचारलं, बांधकामात चूक झाली का? त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, “मला काही बोलायचं नाही.” सही झाली की कागद पोलिसांकडे जाणार होता. नवरा गेलाच होता. आता भाऊही जाणार होता, आणि तो स्वतःहून तोंड शिवून बसला होता.

ताई बुधवारी कामावर गेली. घरी घडी घालायला काही उरलं नव्हतं, हे एक कारण.

२

प्रयोगशाळेतला सहायक तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आणि बडबडीत सत्तर वर्षांनी. पण त्या दिवशी त्याला शब्द सापडेना. त्याने चहा ठेवला, कप पुसला, पुन्हा पुसला, आणि शेवटी जे तोंडाला आलं ते बोलला.

“ताई, त्या आठवड्याच्या स्लॅगच्या डब्या तशाच पडून आहेत. शनिवारची तपासणी झालीच नाही. चौकशीवाल्यांनी पोलादाचे नमुने नेले, विटांचे तुकडे नेले. स्लॅगकडे ढुंकून पाहिलं नाही कोणी.”

स्लॅग म्हणजे पोलादावर तरंगणारा मळ. दुधावर साय धरते तशी ती धरते, आणि कारखान्यात तिला कचऱ्याचाच मान असतो. इथली पद्धत अशी, की प्रत्येक पाळीत सगळ्यांत जुन्या अस्तराच्या, म्हणजे सध्या तीन नंबरच्या, लॅडलमधली चमचाभर स्लॅग पत्र्याच्या डबीत ओतायची, डबीवर वार आणि पाळी खडूने लिहायची, आणि आठवड्याची तपासणी शनिवारी एकदम करायची.

“टाकून देऊ का?” सहायकाने विचारलं. “तसंही तीन तुकडे हट्टी आहेत मेले. पीठच होईनात.”

ताईचा हात कपावर थांबला. “काय होईनात?”

लॅडलच्या स्लॅगची एक खोड आहे. ओतली की दगडासारखी होते, आणि गार होता होता आपोआप पीठ होते. तिच्यात चुना आणि वाळूचं जे संयुग असतं, ते थंड होताना फुगतं आणि तुकड्याला आतूनच फोडतं. संध्याकाळी दगड ठेवावा, सकाळी डबीत पांढरं पीठ. इतक्या वर्षांत ताईला ही स्लॅग कधी कुटावी लागली नव्हती.

तिने डब्या ओळीने उघडल्या. पीठ, पीठ, पीठ. मग एक दगड, काळपट, काचेसारखा चकाकणारा. पुन्हा पीठ. असे तीन दगड निघाले, आणि बारा दिवसांत त्यांचा कणही सुटला नव्हता. तिने खडूची अक्षरं वाचली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तिन्हींवर दुपारपाळी.

शुक्रवारच्या दुपारपाळीची स्लॅग चार वाजायच्या जरा आधीची असणार.

“दुपारपाळी त्या आठवड्यात कुणाची होती?” सहायकाने विचारलं आणि स्वतःच जीभ चावली. दाजी त्याच पाळीला होता. मग घाईघाईने म्हणाला, “म्हणजे साहेब कोण होता? घड्याळ ना? अहवाल त्यानेच लिहिलाय की!”

३

पाळीप्रमुखाला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. तो बोलताना समोरच्याकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघायचा. ताई समोर येऊन बसली तेव्हा मात्र त्याने घड्याळावर बाही ओढली.

“ताई, तुमचं दुःख मला समजतं. पण अहवाल म्हणजे...”

“लॅडल किती वेळ उभी होती?”

“कधी?”

“फुटण्याआधी.”

त्याची पाचावर धारण बसली. तो टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागला. मग म्हणाला, “चाळीस मिनिटं. पुढचं ओतयंत्र तयार नव्हतं. अहवालात मी दहा लिहिलीत. माझी दोन वर्षं राहिलीत हो निवृत्तीला.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. दुसरी कोणी असती तर तिने त्याची कॉलर धरली असती. ताईला राग आला नाही. राग यायच्या जागी नुसती एक रिकामी खोली होती. ती हिशेब करत राहिली. याच लॅडली मागच्या महिन्यात तासतासभर उभ्या राहिल्या होत्या, अस्तर झिजलं होतं, फुटलं नव्हतं. चाळीस मिनिटांत साधी स्लॅग वीट खात नाही.

“स्लॅग कशी होती त्या दिवशी?” तिने विचारलं.

“पातळ. अगदी पाण्यासारखी. मी दाजीला म्हटलंसुद्धा, काय रे हे. तर तो हसला.” घड्याळाने मान खाली घातली. “म्हणाला, थांबा साहेब, आता घट्ट होईल.”

ताई उठली. दारापर्यंत गेल्यावर तिला वाटलं की हे वाक्य आपण कुठेतरी उलटं ऐकलंय. पण कुठे ते काही केल्या येईना.

४

स्लॅग पातळ होते ती चुना कमी पडला तर. म्हणून ती चुन्याच्या गोदामात गेली. तिथले काका म्हणजे नखशिखांत पांढरे, भुवयासुद्धा चुन्याच्या.

“शिळा चुना दिलात का, असं विचारायला आलीस ना?” काका म्हणाले. “विचार पोरी. या बारा दिवसांत मी स्वतःलाच शंभरदा विचारलंय.” मग त्यांनी पाठ वळवली, आणि ते रिकाम्या पोत्यांच्या घड्या मोजू लागले. “दाजी रोज इथे थांबायचा. म्हणायचा, काका, तुम्ही माणूस आहात की भिंत, एकदा हात लावून बघू द्या.”

ताईने हं म्हटलं.

गुरुवारी सकाळी तिने शुक्रवारचा दगड स्वतः कुटला. खलबत्त्यात घातला तरी तो सहज दाद देईना. दुपारपर्यंत आकडे हातात आले, आणि एकेक आकडा एकेका माणसाला सोडवत गेला.

चुना वाळूच्या दुपटीहून जरा जास्त, नेहमीसारखाच. म्हणजे काका सुटले.

मॅग्नेशिया आठ टक्के असायचा, तो चौदा. मॅग्नेशिया येणार कुठून? दादाच्या विटा मॅग्नेशियाच्याच. बांधकामातला सांधा उघडला असता तर पोलाद फटीतून निघून गेलं असतं. स्लॅगमध्ये वीट विरघळलेली दिसली नसती. इथे वीट साखरेसारखी विरघळली होती. म्हणजे दादाचं बांधकाम सुटलं. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, पण तिने ते वहीत लिहिलं.

आणि अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचं ऑक्साइड. असायचा आठ टक्के. निघाला सव्वीस. त्यानेच स्लॅग काचेसारखी गोठली होती, म्हणून तिचं पीठ झालं नव्हतं.

सहायक तिच्या खांद्यावरून बघत होता. “एवढा अॅल्युमिना? चुकून येत नाही ताई एवढा. हा पोत्यांनी टाकलाय कोणीतरी.”

तिन्ही दिवस, फक्त दुपारी, कोणीतरी. अॅल्युमिनाची पांढरी पूड साऱ्या कारखान्यात एकाच ठिकाणी असायची. लॅडलच्या झाकणाला थापायचा लेप तिच्यापासून करत, आणि ती गवंड्यांच्या कोठारात कुलपात असे. दादाला घरी बसवल्यापासून ते कोठार कोणी उघडलंही नव्हतं. घरी पाठवताना दादाकडून घेतलेली किल्ली पहारेकऱ्याकडे होती. त्याच्याकडून ताईने ते उघडून घेतलं. चाळीस पोती असायला हवी होती. होती एकतीस.

कुलूप फोडलेलं नव्हतं. आणि किल्ली त्याआधी आयुष्यभर एकाच माणसाच्या कमरेला होती.

५

दादा दोन खोल्यांच्या घरात एकटाच राहायचा. हात रिकामे बसत नाहीत म्हणून तो स्वयंपाकघरातली चांगली फरशी उखडून पुन्हा बसवत होता. ताई दारात उभी राहिली तरी त्याने थापी खाली ठेवली नाही.

“नऊ पोती, दादा.”

थापी थांबली.

“मला सगळं कळलंय. विटा सांध्यात उघडल्या नाहीत. त्या खाल्ल्या गेल्या. अॅल्युमिनाने स्लॅग पातळ केली आणि तिने विटा खाल्ल्या. तुझ्या कोठारातून नऊ पोती गेलीत. उद्या अकराला मी हे सांगितलं, तर आत्ता निष्काळजीपणा आहे, उद्या घातपात होईल. बोल काहीतरी. तू स्वतःच्या विटांवर स्वतःच विष घालशील का?”

दादाने तिच्याकडे बघितलं. डोळे लाल होते. “पातळ केली?” तो म्हणाला. “त्या पुडीने पातळ केली?”

“हो.”

“घट्ट नाही केली?”

“नाही.”

मग तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला, आणि तेरा दिवसांचं कुलूप एकदम उघडलं.

“किल्ली मीच दिली गं. मीच रडत होतो त्याच्यापाशी. म्हटलं, दाजी, त्या तीन नंबरच्या विटा वरच्या कडेला भराभर खाल्ल्या जातायत, ठरलेल्या फेऱ्या भरत नाहीत, साहेब माझ्या नावाने शंख करतो. तो म्हणाला, स्लॅग जरा घट्ट केली तर तुझ्या विटा वाचतील. पाळीला तीन पोती दे मला. कोणाला सांगू नकोस, फरक पडला की साहेबाला मीच दाखवतो.” दादाने चुन्याचा हात तोंडावरून फिरवला. “पहिल्या दिवशी घट्ट झाली नाही. तो म्हणाला, सुरुवात आहे. गुरुवारी मी म्हटलं, दाजी, वीट जास्तच खाल्ली जातेय रे. तो म्हणाला, मग उद्याही टाकायलाच हवीत. आता मला सांग, मी हे सांगू? गेलेल्या माणसावर ढकलू? तुझ्या नवऱ्यावर? तुझ्या सासूसमोर? त्यापेक्षा गेलो असतो तुरुंगात.”

भाऊ नवऱ्याचं नाव वाचवत होता. नवरा भावाच्या विटा वाचवत होता. ताई दोघांच्या मध्ये उभी होती.

“पण त्याला हे सुचलं कुठून?” तिने विचारलं. “लॅडलवर येऊन तीन महिने झाले होते त्याला.”

“मीही तेच विचारलं. म्हटलं, खात्री आहे ना? तर हसला. तुला माहितीय कसा हसायचा.” दादा तिच्याकडे न बघता म्हणाला. “म्हणाला, खात्रीच्या माणसाला विचारून आलोय.”

ताईने दाराची चौकट धरली. बुटाच्या पॉलिशचा वास आला, खरा नव्हे, आठवणीतला. रविवारची संध्याकाळ. डबीचे सात खण. एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी.

अगं, स्लॅग घट्ट कशाने होते?

अॅल्युमिनाने, आणखी कशाने. वीस वर्षं तेच रडगाणं गायलास ना.

६

शुक्रवारी अकरा वाजता चौकशीचे साहेब नाक पुसत बसले होते. त्यांना सर्दी झाली होती आणि दुपारची गाडी पकडायची होती. घड्याळ एका टोकाला, दादा दुसऱ्या टोकाला. ताईने टेबलावर दोन डब्या ठेवल्या. एकीत पीठ, दुसरीत दगड.

ती सावकाश बोलली. चुना, मॅग्नेशिया, अॅल्युमिना, कोठार, नऊ पोती. दादाने उठून किल्लीचं सांगितलं. घड्याळानेही शेवटी घसा खाकरला आणि चाळीस मिनिटं कबूल केली.

“पण बाई,” साहेबांनी रुमालातून विचारलं, “अॅल्युमिनाने स्लॅग घट्ट होते असंच मीही शिकलोय.”

“लोखंडाच्या भट्टीत होते. तिथे वाळू भरपूर आणि चुना बेताचा. अॅल्युमिना वाढला की स्लॅग चिकट होते, वाहत नाही. माझे यजमान वीस वर्षं त्या भट्टीवर होते. तीन महिन्यांपूर्वी ती बंद झाली आणि त्यांना लॅडलवर पाठवलं. लॅडलमध्ये उलटं आहे. तिथे चुना इतका असतो की सगळा विरघळतच नाही, म्हणून स्लॅग जाड राहते. तिथे अॅल्युमिना टाकला तर तो उरलेल्या चुन्याला बरोबर घेऊन वितळतो. स्लॅग पाणी होते आणि पाणी झाली की वीट खाते. घट्ट होईना म्हणून त्यांनी आणखी टाकला. जितका टाकला तितकी पातळ झाली.”

साहेबांनी दगड हातात घेतला, फिरवला, खाली ठेवला. मग कागदावर आधीच्या ओळी खोडल्या. “बांधकामात दोष नाही,” ते लिहिता लिहिता म्हणाले. “मृत कर्मचाऱ्याने अज्ञानापोटी, सद्हेतूने... ठीक आहे. प्रकरण मिटलं. गवंडी निर्दोष.”

दादाने डोळे मिटले. ताईने उठायला हवं होतं. कोणीही तिला थांबवलं नव्हतं, आणि कोणालाही आणखी काही कळणार नव्हतं.

“अज्ञानापोटी लिहू नका,” ती म्हणाली. “त्यांनी विचारलं होतं.”

“कुणाला?”

“मला. घरी. मी विचारायला हवं होतं, कुठली स्लॅग? भट्टीची की लॅडलची? दोन शब्दांचं काम. मी मान वर केली नाही. चुकीचं उत्तर माझं आहे. ते लिहा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “बाई, याची काही गरज नाही. घरातलं बोलणं म्हणजे प्रयोगशाळेचं मत नव्हे.”

“त्यांना दुसरी प्रयोगशाळा माहीत नव्हती,” ताई म्हणाली. “लिहा.”

साहेबांनी गाडीची वेळ विसरून तिच्याकडे पाहिलं. मग लिहिलं. तिने वाचून सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

७

दादा तिला घरापर्यंत सोडायला आला आणि सासूबाईंचं बोलणं आठवून खालीच थांबला. ती वर गेली. सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या.

ताईने चप्पल काढली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. दादाची चूक नव्हती. पोती तुमच्या मुलाने टाकली, चांगल्यासाठी टाकली. त्याने मला विचारलं होतं आणि मी उलटं सांगितलं.

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, “त्याने विचारलं, तेव्हा तू काय करत होतीस?”

चौकशीच्या टेबलावर अर्ज भरावा तशी तिने सकाळी सगळी खरी उत्तरं दिली होती. एवढंच एक देववेना. “काहीतरी करत होते,” ती म्हणाली. “लक्ष नव्हतं माझं.”

“गोळ्या मोजत होतीस माझ्या.” सासूबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. “मी समोरच बसले होते गं. त्याने विचारलं तेही ऐकलं, तू सांगितलंस तेही ऐकलं. तो उठला तेव्हा किती खूश होता. मला वाटलं, बरं झालं, पोराचं काम झालं.”

सासूबाईंनी खुर्चीचे हात धरून स्वतःला उठवलं, दोन पावलं चालल्या आणि खिडकीतून खाली डोकावल्या.

“तुझा भाऊ उन्हात उभा आहे केव्हाचा. असा काय वेड्यासारखा? वर बोलाव त्याला.” आणि मग, स्वयंपाकघराकडे जाताना, पाठमोऱ्याच म्हणाल्या, “आणि माझी गोळ्यांची डबी रिकामी आहे, दहा-बारा दिवस झाले. तुला सांगायला जीभ रेटली नाही.”

ताईने दादाला हाक मारली. मग कपाटातून डबी आणि गोळ्यांची पाकिटं काढली, सात खण उघडले आणि मोजायला बसली. एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी. जिन्यावर दादाची पावलं वाजली. तिने मान वर करून दाराकडे बघितलं. तो आत येऊन बसेपर्यंत बघत राहिली, आणि मोजणी चुकली. तिने गोळ्या पुन्हा ओंजळीत घेतल्या, पण खण धड दिसेनात. चौदा दिवसांनी पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यामुळे दुसऱ्यांदाही मोजणी चुकली. शेवटी दादानेच डबी भरली.